टोपी घ्यावी की शस्त्रक्रियेची वाट पाहावी?

प्रश्न : पत्रलेखक निवृत्त शिक्षक असून पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांना एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉनचा (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झडत जाण्याचा) आजार असल्याचे निदान झाले आहे. पाय आणि डावा हात जवळजवळ निकामी झाले आहेत, बोलणे घरच्यांनाच कळेल इतके अस्पष्ट झाले आहे, आणि हे पत्र त्यांनी उजव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर लिहिले आहे. धाकट्या मुलाने मेंदूच्या लहरी वाचणारी टोपी घेण्याचे ठरवले आहे. 'मनात आणले की अक्षर उमटेल' असे विक्रेत्याने त्याला सांगितले आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलीच्या मते टोपी हे खेळणे आहे, खरे काम मेंदूत बसवलेल्या उपकरणानेच होते, म्हणून पैसे राखून ठेवावेत आणि तिकडच्या चाचणीत नाव घालावे. पत्रलेखकांना टोपी हलक्या प्रतीची आणि शस्त्रक्रिया भारी प्रतीची, एवढाच फरक दिसतो. मुलांवर खर्चाचे ओझे पडेल याची त्यांना काळजी आहे, आणि मेंदूत तार घातली तर मनातले सगळेच बाहेर येईल की काय, ही भीतीही आहे. या दोहोंतून काय निवडावे, असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

एवढे सविस्तर पत्र आपण एका बोटाने लिहिलेत. माझ्या उत्तराचा बराच भाग त्या बोटाशी आणि आपल्या डोळ्यांशी निगडित असणार आहे, हे आधीच सांगते. कारण आपल्या घरातला वाद मेंदूतून थेट वाचायचे कसे येथून सुरू होतो, आणि शरीराचे जे मार्ग अजून उघडे आहेत त्यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही. तरीही आपण विचारलेला प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही, म्हणून आधी टोपी आणि शस्त्रक्रिया यांच्याविषयी बोलू.

आपण या दोहोंना एकाच वस्तूच्या दोन प्रती समजता, तिथे मला थोडे थांबावेसे वाटते. दोन्ही पद्धती मेंदूतली विद्युत हालचाल टिपतात हे खरे, परंतु त्यांना जे ऐकू येते ते वेगवेगळे असते. डोक्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युत संकेत टिपणाऱ्या बारीक टिकल्या, लावून मेंदूचा आलेख घेण्याची पद्धत, म्हणजे ईईजी, जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसावर प्रथम वापरली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून यंत्रे कितीतरी सुधारली, पण मेंदू आणि इलेक्ट्रोड यांच्यामधली कवटी आहे तिथेच आहे. एकेका चेतापेशीचा प्रवाह इतका क्षीण असतो की कवटीबाहेर तो कळतच नाही. काही चौरस सेंटिमीटर भागातल्या असंख्य पेशी एका लयीत चालल्या तरच त्यांची बेरीज बाहेर पोहोचते, आणि तीही कवटी व त्वचा यांतून पसरत, पुसट होत येते. वाड्याच्या जाड भिंतीबाहेर उभे राहिले तर आत आरती चालली आहे आणि टाळ्यांचा ठेका कोणता आहे हे समजते, पण कोण कोणता शब्द म्हणते आहे हे समजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

डोक्यावर मिळणारा हा संकेत साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा असतो, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. दात आवळले, कपाळाला आठी घातली किंवा पापणी मिटली, की त्या स्नायूंचा आणि डोळ्यांचा संकेत त्याच इलेक्ट्रोडवर मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठा येतो. चौदा इलेक्ट्रोडच्या टोपीऐवजी चौसष्ट इलेक्ट्रोडची घेतली तर चित्र काहीसे स्पष्ट होईल, पण कवटीमुळे जे हरवते ते परत मिळणार नाही. म्हणून आणखी महाग टोपी घेतली तर सगळे जमेल, हा विचार आपल्या मुलाने मनातून काढून टाकावा.

मग टोपी म्हणजे खेळणे, हे मुलीचे म्हणणे बरोबर आहे का? माझ्या मते तेही बरोबर नाही. १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन या संशोधकांनी अमेरिकेत सहा ओळी आणि सहा स्तंभांचा अक्षरतक्ता पडद्यावर मांडला. ओळी आणि स्तंभ एकामागून एक उजळत, आणि बघणाऱ्याला हवे असलेले अक्षर ज्या ओळीत आहे ती उजळली की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी त्याच्या मेंदूत एक छोटी लाट उठे. पी-३०० या नावाने ओळखली जाणारी ही लाट आजही टोपीवरून लिहिण्याच्या एका मोठ्या पद्धतीचा पाया आहे. ती मेंदूच्या नित्याच्या गोंगाटात बुडालेली असते, त्यामुळे तीच ओळ पुन्हा पुन्हा उजळवून सरासरी काढावी लागते. नऊ वेळा उजळवली तर गोंगाट एक तृतीयांशावर येतो, पण वेळ नऊपट जातो. टोपी संथ असते ती याच कारणाने, यंत्र स्वस्त आहे म्हणून नव्हे. आणि तरीही १९९९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, आपल्याच आजाराने हालचाल जवळजवळ संपलेल्या दोन रुग्णांनी दीर्घ सरावाने मेंदूच्या मंद लहरींवर ताबा मिळवला आणि एकेक अक्षर निवडत मजकूर लिहिला. ज्याला दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही, त्याच्या दृष्टीने या गोष्टीची किंमत फार मोठी आहे.

टोपीच्या जाहिरातींत वेगाचे आकडे असतात, त्यांच्याबाबत एक सावधगिरी सुचवते. चीनमधील छिंगहुआ विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये टोपीवरून मिनिटाला साठ अक्षरांपर्यंत वेग गाठला, आणि तो आकडा खरा आहे. परंतु भाग घेणारे लोक निरोगी होते, आणि पद्धत अशी होती की प्रत्येक अक्षर वेगळ्या गतीने लुकलुकते व हव्या त्या अक्षरावर नजर रोखायची असते. ज्याला नजर रोखता येते त्याची नजर साध्या कॅमेऱ्याने थेट टिपता येते; त्यासाठी डोक्याला ओले इलेक्ट्रोड लावण्याची गरज नाही.

आता शस्त्रक्रियेची बाजू. मेंदूत बसवलेले उपकरण असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यातही निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही. एक प्रकार चकतीचा आहे : चार मिलिमीटर बाजूची चौकोनी चकती, तिला सुमारे दीड मिलिमीटर लांबीच्या सुया, आणि त्या मेंदूच्या पृष्ठभागात रुतवलेल्या. तिला एकेका चेतापेशीचे स्पंदन ऐकू येते, सरासरी काढत बसावे लागत नाही. दुसरा प्रकार मेंदूच्या पृष्ठभागावर नुसत्या ठेवलेल्या पातळ पट्टीचा आहे. तिला एकटी पेशी ऐकू येत नाही, पण लहानशा वस्तीचा आवाज नीट ऐकू येतो, विशेषतः सेकंदाला सत्तर ते दीडशे आवर्तनांचा तो भाग, जो कवटीबाहेर जवळजवळ नाहीसा होतो. तिसरा प्रकार म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतून वर नेऊन मेंदूवरील शिरेत उघडलेली जाळी. तिच्यावर सोळा इलेक्ट्रोड असतात, ती माणसात प्रथम २०१९ मध्ये मेलबर्नला बसवली गेली, आणि तिच्यासाठी कवटी उघडावी लागत नाही. मात्र तिच्याकडून मिळते ते मुख्यतः माउसच्या क्लिकसारखे मोजके संकेत, अस्खलित बोलणे नव्हे.

आपल्या मुलीने ज्या बातम्या वाचल्या असतील त्या पहिल्या दोन प्रकारांच्या आहेत. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने हात लुळे पडलेल्या माणसाच्या मनातल्या हस्ताक्षरावरून मिनिटाला नव्वद अक्षरे लिहिली. २०२३ मध्ये त्याच गटाने एएलएस झालेल्या एका स्त्रीचा बोलण्याचा प्रयत्न मिनिटाला ६२ शब्दांच्या गतीने मजकुरात उतरवला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २५३ इलेक्ट्रोडच्या पट्टीने, पक्षाघातामुळे वाचा गेलेल्या स्त्रीबाबत, ७८ शब्दांपर्यंत मजल मारली. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे एएलएसच्या एका रुग्णाचे ९७.५ टक्के शब्द बरोबर ओळखले गेले, तेही सव्वा लाख शब्दांच्या संग्रहातून. या कामाचे महत्त्व मला कमी करायचे नाही; ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठी इतके मोठे पाऊल मी पूर्वी पाहिलेले नाही.

पण याच यादीत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते २०१६ मध्ये नेदरलँड्समधील युट्रेख्ट येथून आलेले काम. एएलएसच्या शेवटच्या टप्प्यातील एका स्त्रीला संपूर्णपणे शरीराच्या आत राहणारे, बाहेर एकही तार नसलेले उपकरण बसवले होते. त्यावरून मिनिटाला दोनच्या आसपास अक्षरे लिहिली जात, म्हणजे टोपीपेक्षा जास्त नव्हेत. तरीही तिने ते घरी, संशोधक जवळ नसताना, सुमारे सात वर्षे वापरले. कारण उन्हात नजर टिपणारे यंत्र तिला दगा देत असे आणि तिथे हे चालत असे. वेगाच्या तक्त्यात हे उपकरण तळाला बसेल. तिच्या दिवसात मात्र त्याची जागा नेमकी ठरलेली होती, आणि निवड करताना पाहायचे ते हेच, असे मला वाटते.

टोपी आणि शस्त्रक्रिया यांचे आकडे शेजारी ठेवताना आणखी एक भान हवे. टोपीवरचे बहुतेक प्रयोग निरोगी तरुणांवर झालेले असतात. शस्त्रक्रियेचे प्रयोग मोजक्या, निवडलेल्या रुग्णांवर होतात आणि अनेक ठिकाणी संशोधक सत्राला हजर असतात. एकाच माणसात, एकाच वेळी दोन्ही नोंदी घेण्याची संधी मिळते ती मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांत, कारण झटक्याचे मूळ शोधण्यासाठी त्यांच्या मेंदूवर काही दिवस इलेक्ट्रोड ठेवलेले असतात. आतून मिळणारे पुष्कळसे बाहेर पोहोचत नाही, हे अशा नोंदींतून स्पष्ट दिसते; परंतु आपल्यासारख्या रुग्णाच्या घरी, पंख्याखाली, थकलेल्या संध्याकाळी काय चालेल हे त्यातून कळत नाही.

आपल्यासाठी एक प्रश्न या बातम्यांत नसतोच, तो मराठीचा. बोलणे ओळखणारी ही उपकरणे आधी इंग्रजीचे सुमारे चाळीस उच्चार ओळखतात, आणि मग इंग्रजी वाक्यांचा प्रचंड साठा शिकलेला संगणक चुका दुरुस्त करतो. आपला ळ, ण, महाप्राण व्यंजने आणि शब्दांना लागणारे प्रत्यय यांच्यासाठी हे दोन्ही नव्याने उभे करावे लागेल. ते अशक्य नाही. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने स्पॅनिश मातृभाषेच्या एका रुग्णासाठी स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही ओळखणारी रचना दाखवली आहे. टोपीच्या सहा बाय सहा तक्त्यातही इंग्रजीची अक्षरे आणि अंक नीट बसतात, पण 'क्षमा' लिहायला मराठी माणसाला व्यंजन, जोडाक्षर आणि काना अशी वेगवेगळी निवड करावी लागते. म्हणून मिनिटाला इतकी अक्षरे हा इंग्रजीतला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. विक्रेत्याला पहिल्याच भेटीत मराठी वाक्य लिहून दाखवायला सांगावे.

अमेरिकेतील चाचणीविषयी स्पष्ट सांगते. चकतीच्या चाचण्यांपैकी सर्वांत जुन्या ब्रेनगेट चाचणीची एक अट अशी आहे की, सहभागी व्यक्ती केंद्रापासून गाडीने तीन तासांच्या आत राहणारी असावी. कारणही समजण्यासारखे आहे : संशोधक वारंवार घरी येतात, आणि काही बिघडले तर त्वरित पोहोचावे लागते. म्हणजे इकडून नाव घालण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. तिकडे स्थलांतर करण्याचाच विचार करावा लागेल. शिवाय त्या उपकरणाचे टोक डोक्याच्या त्वचेतून बाहेर आलेले असते आणि तिथे तार जोडली जाते. २००४ ते २०२१ या काळातील चौदा सहभागींच्या बारा हजारांहून अधिक दिवसांच्या नोंदी ब्रेनगेटच्या गटाने २०२३ मध्ये मांडल्या. मेंदूत जंतुसंसर्ग झाला नाही, उपकरणामुळे कोणी दगावले नाही किंवा कायमचे अधिक अपंग झाले नाही. सर्वाधिक तक्रार होती ती त्या टोकाभोवतीच्या त्वचेच्या जळजळीची. हे आश्वासक आहे, पण एएलएसमध्ये श्वासाचे स्नायू दुबळे होत जातात आणि संपूर्ण भूल देण्याचा धोका त्यामुळे वाढतो, हे आपल्या बाबतीत वेगळे तोलावे लागेल.

पैसे राखून ठेवण्याच्या मुद्द्यावरही मुलीशी बोला. प्रामाणिक चाचणीत सहभागी रुग्णाकडून प्रायोगिक उपकरणाची किंमत घेत नाहीत, आणि चाचणी म्हणजे उपचार नव्हे. तिचा पहिला उद्देश ज्ञान मिळवणे हा असतो. भारतात कोणी मेंदूत उपकरण बसवून देण्याचे सांगून रक्कम मागितली, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदणीत ती चाचणी आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तिथून परतावे. हे मी आपल्याबरोबरच अशाच वळणावर असलेल्या इतर कुटुंबांसाठीही लिहिते आहे.

मनातले बाहेर येण्याची आपली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. वर सांगितलेली बोलण्याची यंत्रे ओठ, जीभ आणि जबडा हलवण्याचा प्रयत्न वाचतात; आठवणी, मते किंवा राग वाचत नाहीत. मात्र २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले की मनातल्या मनात उच्चारलेल्या शब्दांचीही क्षीण खूण त्याच भागात मिळते, आणि म्हणून त्यांनी, एक ठरावीक शब्दसमूह मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकणारच नाही, अशी सोयही तपासून पाहिली. टोपीला एवढे ऐकू येत नाही. तिच्याबाबत विचारायचे ते वेगळे : नोंदी कोणत्या कंपनीच्या संगणकावर साठतात, आणि त्या पुसून टाकता येतात का.

आता आपल्या बोटाकडे आणि डोळ्यांकडे येते. एएलएसमध्ये हातपाय आणि वाचा गेल्यानंतरही डोळ्यांची हालचाल सहसा बराच काळ टिकते. म्हणून आपल्या बाबतीत पुढची पायरी टोपीही नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. ती नजर टिपणाऱ्या यंत्राची आहे. मुलाने टोपीसाठी काढलेली रक्कम असे यंत्र, ते पलंगाशी धरून ठेवणारा भक्कम स्टँड आणि वीज गेल्यावरची सोय यांवर खर्च करावी. आयफोन आणि आयपॅडच्या २०२४ पासूनच्या आवृत्तीत नजरेने चालवण्याची सोय आहे. घरात कुणाकडे असा फोन असेल तर खर्च करण्याआधी त्यावर नजरेचा सराव करून पाहता येईल. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचेच्या अडचणींसाठी, आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था पुनर्वसनासाठी आहे. प्रवास झेपत असेल तोवर एकदा तज्ज्ञांकडून बसण्याची, मानेची आणि पडद्याच्या उंचीची मोजमापे करून घ्या.

त्याबरोबरच आपला आवाज जमवायला आजच सुरुवात करा. डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन्ही रुग्णांना त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या, त्यांच्या स्वतःच्या आवाजासारख्या आवाजात यंत्र बोलून दाखवत असे. आपण शिक्षक होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाची, निरोप समारंभाची, घरातल्या लग्नांची चित्रफीत कुणाकडे ना कुणाकडे असेल. माजी विद्यार्थ्यांना विचारा. हे काम पुढेही करता येईल, पण आज आपण स्वतः यादी करून कुणाकडे काय मिळेल ते सांगू शकता.

तरीही मुलाला टोपी पाहायचीच असेल, तर घरी आठवडाभर वापरून पाहण्याच्या अटीवर पाहावी. उत्तर आधीच ठाऊक असलेले वीस होय-नाही प्रश्न विचारावेत. वीसपैकी दहा बरोबर येणे म्हणजे नाणे उडवणे. वेगवेगळ्या दिवशी पंधरा किंवा अधिक बरोबर आले तरच पुढे बोलावे. जबडा सैल आणि कपाळ स्थिर ठेवूनही टोपी चालते का ते अवश्य बघावे. चालत नसेल तर ती मेंदू नव्हे, कपाळाचा स्नायू वाचते आहे. आणि कपाळाचा स्नायू इतका चांगला काम करत असेल तर त्यावर चालणारे साधे बटण अधिक भरवशाचे आणि स्वस्त पडेल. एक दिवस डोळेही साथ देईनासे झाले तर टोपी आणि शस्त्रक्रिया यांचा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल, पण तेव्हाही मोठ्या दाव्यांपासून जपावे. पूर्णपणे बंदिस्त झालेल्या, म्हणजे डोळ्यांसह कोणतीच हालचाल न उरलेल्या, रुग्णांशी प्रकाशावर चालणाऱ्या टोपीने संवाद साधल्याचा २०१७ चा एक गाजलेला शोधनिबंध नियतकालिकाने २०१९ मध्ये मागे घेतला. अशाच स्थितीतील एका रुग्णाला मेंदूत चकत्या बसवल्यावर मिनिटाला एखादे अक्षर जुळवता आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आज त्याहून अधिक अपेक्षा धरू नये.

शेवटी विजेशिवाय चालणारी एक गोष्ट. पारदर्शक ॲक्रिलिकच्या पाटीवर वर्णमाला वर्गांनुसार लिहून घ्या : एका कोपऱ्यात क-वर्ग, दुसऱ्यात च-वर्ग, याप्रमाणे, आणि खालच्या कडेला काना, मात्रा, वेलांट्या. समोरचा माणूस पाटी धरतो, आपण आधी वर्गाकडे आणि मग अक्षराकडे पाहता, आणि तो मोठ्याने म्हणतो. आपल्या वर्णमालेची रचना या कामाला फार सोयीची आहे. पाटी तयार झाली की बोट चालते आहे तोवरच ती रोज थोडा वेळ वापरा, म्हणजे कोणती अक्षरे फार जवळ आली आहेत, कुणाला नजर नीट वाचता येत नाही आणि कुठे काय बदलायला हवे, हे आपण स्वतः लिहून सांगू शकाल.